पाण्यांत भिजलेला कॅमेरा

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत. नकाशावर त्यांच्यामधून रेघ ओढलेली कोठें दिसत नाहीं; पण तेथील प्रत्येक माणसाच्या बोलण्यांत ती असते. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हीं गांवें घाटावरचीं, आणि मलकापूर, नांदुरा, खामगांव, शेगांव, जळगांव जामोद, संग्रामपूर हीं घाटाखालचीं. घाटावर पडलेलें बरेंचसें पाणी पैनगंगेच्या व खडकपूर्णेच्या वाटेनें गोदावरीकडे जातें. घाटाखालचें पाणी दुसऱ्या पूर्णेंत उतरून तापीला मिळतें. या भूगोलाचा कॅमेऱ्याशीं संबंध काय, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत येणें साहजिक आहे. तो संबंध आहे, आणि यथावकाश तो दिसून येईल.

२२ जुलै २०२३ रोजीं जळगांव जामोद व संग्रामपूर या दोन तालुक्यांत अतिवृष्टि झाली. सातपुड्यावरून खालीं येणाऱ्या नद्यानाल्यांना पूर आला, शेतांतील माती खरवडून गेली आणि घरांदुकानांतून पाणी शिरलें. अधिक श्रावण चालू होता. म्हणजे लग्नसराई संपून सुमारें तीन आठवडे झाले होते. तालुक्याच्या बाजारपेठेंतील फोटोवाल्याच्या दुकानांत अशा दिवसांत काय काय असतें, तें डोळ्यांपुढें आणावें. टेबलावर एकदोन कॅमेरे, कपाटांत तीनचार भिंगें, कोपऱ्यांत दिव्यांच्या छत्र्या. खणांत मेमरी कार्डें व एक हार्ड डिस्क. त्यांत उन्हाळ्यांतील लग्नें, पैकीं निम्म्यांचे आल्बम अद्याप बांधून झालेले नाहींत. आणि भिंतीला टेकून ठेवलेली एक जुनी तसबीर. एखाद्या शेतकऱ्यानें आपल्या मृत वडिलांचा एकुलता एक फोटो मोठा करून घेण्यासाठीं ती आणून दिलेली असते. पुराचें पाणी या सर्व वस्तूंवरून सारखेंच जातें. पाणी ओसरल्यावर मात्र त्या प्रत्येकीची गति वेगळी होते, आणि ती बव्हंशीं पहिल्या एकदोन तासांत माणसाच्या हातून काय घडतें यावर अवलंबून राहते.

दुकानदाराचा हात प्रथम कॅमेऱ्याकडे जातो. तो सर्वांत महाग. कदाचित् अजून त्याचे हप्ते फिटावयाचे असतील. पण कॅमेरा ही बाजारांत पुन्हां मिळणारी वस्तु आहे. कार्डांतील लग्न पुन्हां लागणार नाहीं, व तसबिरींतील वडील पुन्हां कॅमेऱ्यासमोर बसणार नाहींत. म्हणून वाचविण्याचा क्रम प्रथम चित्रें, मग भिंगें आणि शेवटीं यंत्र असा असावयास हवा. वास्तविक लोक याच्या नेमकें उलट वागतात, आणि त्यांत तिन्हींचेंहि नुकसान होतें.

पहिली चूक एका बोटाची असते. भिजलेला कॅमेरा हातीं येतांच ‘चालतो कीं नाहीं’ हें पाहण्यासाठीं त्याची कळ दाबली जाते. नुसत्या पाण्यानें कॅमेरा लगेच मरत नाहीं. पाणी व वीज एकत्र आलीं म्हणजे तो मरतो. अगदीं शुद्ध पाणी विजेचें फारसें वाहक नव्हे. पुराच्या पाण्यांत मात्र जमिनींतील क्षार, खतें, गटाराची घाण असें सर्व विरघळलेलें असतें व तें वीज चांगली वाहून नेतें. कॅमेऱ्याच्या आंतील पट्टीवर केसासारख्या बारीक तांब्याच्या रेघा एकमेकींच्या अगदीं शेजारीं असतात. त्यांच्यावर असें पाणी असतांना प्रवाह सुरू झाला कीं एका रेघेचें तांबें विरघळतें व दुसरीवर जाऊन बसतें. सोनार मुलामा चढवितो तीच ही क्रिया, फक्त नको तेथें घडणारी. मिनिटांतच कांहीं रेघा तुटतात व कांहीं एकमेकींना चिकटतात. कळ बंद असली तरी बॅटरी आंत आहे तोंवर कांहीं भागांत प्रवाह खेळतच असतो. म्हणून ओला कॅमेरा हातीं येतांच, तो पुसण्याच्याहि आधीं, बॅटरी काढावी. आंत घड्याळासाठीं एखादी लहान सुटी बॅटरी असल्यास तीहि काढावी.

ती काढलेली बॅटरी वाळवून पुन्हां वापरण्याचा मोह टाळला पाहिजे. पुरांत बुडालेली लिथियमची बॅटरी बाहेरून कोरडी दिसली तरी आंत बिघडलेली असूं शकते, आणि चार्ज करतांना ती पेट घेते. ती घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावी व चार्जरला पुन्हां कधीं लावूं नये. फ्लॅशची गोष्ट याहूनहि जपण्याची आहे. फ्लॅशच्या आंत वीज साठविणारा जो भाग असतो त्यांत तीनशें व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि बॅटरी काढल्यावरहि तो बराच वेळ टिकतो. स्क्रू सोडवून तो आंतून पुसावयास जाणाऱ्या हौशी माणसाला जिवावरचा झटका बसूं शकतो. भिजलेला फ्लॅश घरीं उघडूं नये, हें एवढें एकच वाक्य कोणाच्या लक्षांत राहिलें तरी पुरे.

बॅटरीनंतर कार्ड. याबाबत फोटोवाल्यानें धीर सोडण्याचें कारण नाहीं. मेमरी कार्डांतील चित्र सिलिकॉनच्या पोटांत सूक्ष्म विद्युद्भारांच्या रूपानें कोंडलेलें असतें व त्यासभोंवार घट्ट आवरण असतें. पाण्यानें तें पुसलें जात नाहीं. चिखल लागला असेल तर कार्ड स्वच्छ पाण्यानें धुवावें, मऊ कापडानें टिपावें, सावलींत वाऱ्यावर दोन दिवस राहूं द्यावें आणि त्याच्या सोनेरी पट्ट्या पूर्ण कोरड्या झाल्याची खात्री करून मगच तें वाचनयंत्रांत घालावें. त्यांतील सर्व चित्रें दोन ठिकाणीं उतरवून घेतल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याहि कामाला हात लावूं नये. पुष्कळदां कॅमेरा भंगारांत जातो आणि त्यांतील कार्ड जसेंच्या तसें उघडतें.

हार्ड डिस्कचा नियम मात्र याच्या विरुद्ध आहे, आणि तो ऐकून पुष्कळांना नवल वाटतें. डिस्कच्या आंत तबकड्या वेगानें फिरतात व वाचणारी सुई त्यांच्यापासून अत्यंत अल्प अंतरावरून तरंगत जाते. बहुतेक डिस्कना हवेसाठीं एक बारीक छिद्र असतें. त्यांतून गढूळ पाणी आंत जातें. डिस्क उन्हांत वाळविली तर तें पाणी उडून जाईल, पण गाळ तबकडीवर थर धरून बसेल. पुढें ती फिरविली कीं सुई त्या थराला घासून चित्रें कायमचीं खरवडलीं जातील. म्हणून भिजलेली डिस्क वाळवूं नये, विजेला जोडूं नये. ओलसर असतांनाच प्लास्टिकच्या पिशवींत तोंड बंद करून शहरांतील जाणत्या प्रयोगशाळेकडे पाठवावी. तेथील खर्च थोडा नसतो. परंतु दहाबारा कुटुंबांचीं लग्नें तिच्यांत असतील, तर तो खर्च कोणी व किती सोसावयाचा हें त्या कुटुंबांशीं मोकळेपणानें बोलून ठरविणें, गप्प राहून महिनेच्या महिने उद्यांचा वायदा करण्यापेक्षां कितीतरी बरें.

आतां खुद्द यंत्राकडे वळावयास हरकत नाहीं. घाटाखालच्या पुराला एक खास दोष आहे, आणि तो म्हणजे तेथील काळी माती. कपाशीला जी माती वरदान ठरली, तीच कॅमेऱ्याला शाप होते. बेसाल्ट खडक झिजून झालेल्या या मातींत चिकण कणांचें प्रमाण मोठें असतें. ते कण एका मिलिमीटरच्या पांचशेंव्या भागाहूनहि बारीक असतात, पाण्यानें फुगतात व वाळल्यावर दगडासारखे आवळतात. भिंगाच्या फिरत्या कड्यांत असा गाळ जाऊन वाळला म्हणजे कडें फिरवतांना वाळूच्या कागदासारखा आवाज येतो, आणि मग जोर करून तें फिरविणारा मनुष्य आंतील आटे कायमचे कुरतडतो.

मग कॅमेरा धुवावा कीं न धुवावा? पावसाच्या सरींत नुसता भिजला असेल तर मुळींच धुवूं नये, टिपून वाळवावा. गढूळ पाण्यांत बुडाला असेल, तर बॅटरी, कार्ड व भिंग काढून, गाळ ओला आहे तोंवरच स्वच्छ पाण्यानें, आणि मिळाल्यास बॅटरींत घालावयाच्या ऊर्ध्वपातित पाण्यानें, तो हलक्या हातानें खंगाळून काढावा. बुडालेल्या कॅमेऱ्यावर पुन्हां पाणी घालणें ऐकावयास विपरीत वाटतें. पण गंजाला खरें बळ देतात ते मागें राहणारे क्षार. ते धुवून गेले तर नुकसान पाण्यापुरतेंच राहतें. जुन्या यांत्रिक कॅमेऱ्यांच्या काळांत, समुद्रांत पडलेला कॅमेरा गोड्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून तसाच कारागिराकडे नेण्याचा सल्ला देत असत, त्यांतील तत्त्व हेंच होतें. लोखंड गंजण्यास पाण्याइतकीच हवेचीहि गरज असते.

वाळविण्याच्या बाबतींत तांदळाच्या डब्याची कीर्ति फार पसरली आहे. भिजलेला मोबाइल असो वा कॅमेरा, घरांतील कोणीतरी वडीलधारी बाई तो तांदळांत पुरून ठेवते. तिच्या ममतेबद्दल आदर बाळगूनहि सांगणें भाग आहे कीं हा उपाय निरुपयोगी आहे. तांदूळ ओलावा ओढतो तो फार सावकाश, आणि त्याची कणी व पीठ फटींतून आंत जाऊन खळ तयार होते. ॲपल कंपनीनेंहि २०२४ सालीं आपल्या ग्राहकांना, भिजलेला फोन तांदळांत ठेवूं नये, असें कळविलें. त्यापेक्षां वाहती हवा कितीतरी प्रभावी. सर्व झांकणें उघडीं ठेवून, तोंड खालीं करून, कॅमेरा पंख्याच्या वाऱ्यांत एक दिवस ठेवावा. नंतर घट्ट झांकणाच्या स्टीलच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह तीनचार दिवस. केस वाळविण्याचें यंत्र, चूल, भट्टी किंवा कडक ऊन वापरूं नये. उष्णतेनें वंगण पातळ होऊन पडद्याच्या पात्यांवर पसरतें, आणि दोन कांचा जोडणारा डिंक सुटून भिंगांत इंद्रधनुष्याचे डाग पडतात. सिलिका जेलचे निळे दाणे ओलावा पिऊन गुलाबी होतात व तापविल्यास पुन्हां निळे होतात. मात्र त्या निळ्या रंगांत कोबाल्टचें विषारी मीठ असतें, तेव्हां ते स्वयंपाकाच्या कढईंत भाजूं नयेत.

इतकें करूनहि स्पष्ट बोलावयाचें तर, तासन् तास गाळांत बुडून राहिलेला आजचा इलेक्ट्रॉनिक कॅमेरा क्वचितच पूर्ववत् होतो. दुरुस्तीचा अंदाज त्याच्या अर्ध्या किंमतीवर गेला तर तो सोडून देणें शहाणपणाचें. एकदां चालूं लागला तरी चारसहा महिन्यांनीं, ऐन मंगलाष्टकांच्या वेळीं, तो दगा देईल; आणि फोटोवाल्याच्या धंद्यांत बंद पडलेल्या कॅमेऱ्यापेक्षां केव्हां बंद पडेल हें न कळणारा कॅमेरा अधिक घातक आहे. विमा असेल तर धुण्यापूर्वींच सर्व वस्तूंचे, त्यांच्या क्रमांकांसह, मोबाइलनें फोटो काढून ठेवावेत. पंचनाम्याच्या वेळीं स्वच्छ पुसलेला कॅमेरा दाखवून तो बुडाला होता हें पटविणें कठीण जातें.

भिंगांचें भवितव्य त्या मानानें आशादायक आहे. कांचेला पाण्याचें भय नाहीं. भय आहे बुरशीचें. आंत ओलावा राहिला कीं आठपंधरा दिवसांत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु पसरूं लागतात, आणि त्यांतून निघणारें आम्ल कांचेवरील लेप व पुढें कांचहि खातें. हवेंतील आर्द्रता शेंकडा साठांच्या वर सतत राहिली कीं बुरशीला तें मानवतें. चाळीस ते पन्नास हें प्रमाण भिंगास सुखाचें. उन्हाळ्यांत बुलढाण्याची कोरडी हवा हें काम फुकट करते, पण श्रावणांत नाहीं. ज्याच्या आंत वाफ धरलेली दिसते असें भिंग कारागिराकडून त्याच आठवड्यांत उघडवून पुसून घ्यावें. आणि भिंगें कातडी पेटींत ठेवण्याची जुनी हौस सोडावी, कारण कातडें ओल धरून ठेवतें व बुरशीला आयतें घर मिळतें.

घाटावर पुराचें भय कमी. पण तेथें लोणार आहे. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें ज्याची नोंद केली, तें हें उल्कापातानें झालेलें सरोवर. त्याचें पाणी खारट तर आहेच, शिवाय अतिशय अल्कधर्मी आहे. २०२० च्या जूनमध्यें त्याचा रंग गुलाबी झाला, त्याच वर्षीं त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, आणि कॅमेरे गळ्यांत घातलेल्यांची तेथील वर्दळ वाढली. या पाण्याचा शिंतोडा साध्या पाण्यासारखा समजूं नये. ॲल्युमिनियमवर जो संरक्षक थर आपोआप बनतो तो क्षारयुक्त अल्कांत विरघळतो, आणि कॅमेऱ्यांतील व तिपाईंतील बराचसा भाग ॲल्युमिनियमचा असतो. शिंतोडा उडतांच गोड्या पाण्यानें ओलें केलेल्या फडक्यानें तो भाग पुन्हां पुन्हां पुसावा, मग कोरडा करावा. तिपाईचे पाय तर सरळ धुवून काढावेत. योगायोग असा कीं विवराच्या कांठावरच बारमाही वाहणारी गोड्या पाण्याची धार आहे. शेंकडों वर्षें यात्रेकरूंनीं तिच्याखालीं स्नान केलें. तिपाई धुण्यासाठीं लांब जावयास नको.

आतां ती भिंतीला टेकलेली तसबीर. कागदावरील जुनें छायाचित्र म्हणजे कागदावर दिलेला जिलेटिनचा थर. चित्र असतें तें त्या थरांत. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज वैद्यानें १८७१ सालीं जिलेटिनचा हा उपयोग प्रसिद्ध केला. जिलेटिन पाण्यानें फुगतें, मऊ होतें, आणि वाळतांना शेजारच्या कागदाला वा कांचेला डिंकासारखें चिकटतें. म्हणून भिजलेले फोटो एकमेकांवर असतील तर ते वाळूं देऊं नयेत. गार स्वच्छ पाण्याच्या परातींत ते तसेच सोडावेत, आपोआप सुटूं द्यावेत, चित्राच्या अंगास बोट न लावतां धुवावेत आणि चित्र वर करून एकेक सुटा वाळवावा. सारें दोन दिवसांच्या आंत झालें पाहिजे. पुढें बुरशी येते. वेळ नसेल तर मेणकागद मध्यें घालून ते फ्रीजच्या बर्फाच्या खणांत ठेवावेत, म्हणजे काळ थांबतो. कांचेला चिकटलेली तसबीर ओढून काढूं नये; प्रथम कांचेवरूनच तिची नीट प्रत काढून घ्यावी. घरगुती छपाईयंत्रावर शाईनें काढलेले आजकालचे फोटो मात्र पाण्यांत घालूं नयेत. त्यांची शाई वाहून जाते. जुन्या फिल्मचाहि नियम तोच: भिजलेली गुंडाळी ओलीच ठेवून धुण्याच्या ठिकाणीं पोंचवावी.

ही गोष्ट किती खरी आहे हें उत्तर ध्रुवाच्या बर्फानें दाखवून दिलें आहे. १८९७ सालीं आंद्रे, स्ट्रिंडबर्ग व फ्रेंकेल हे तीन स्वीडिश साहसी बलूनमधून ध्रुवाकडे निघाले व परत आले नाहींत. १९३० सालीं एका निर्जन बेटावर त्यांचे अवशेष सांपडले. त्यांत स्ट्रिंडबर्गच्या फिल्म्सहि होत्या. तेहतीस वर्षें बर्फांत व ओलाव्यांत पडलेल्या त्या फिल्म्स स्टॉकहोमच्या जॉन हर्ट्सबर्गनें अत्यंत हळुवार हातानें धुतल्या, आणि २४० चित्रांपैकीं ९३ वाचलीं. बर्फावर कोसळलेल्या बलूनकडे पाहत उभीं असलेलीं माणसें त्यांत आज दिसतात. १९१५ च्या नोव्हेंबरांत शॅकल्टनचें ‘एन्ड्युरन्स’ जहाज दक्षिणेच्या बर्फांत चिरडत असतां फ्रँक हर्ली यानें उघड्या अंगानें त्या गोठत्या पाण्यांत उतरून आपल्या कांचांचे डाख लावलेले डबे वर काढले. कॅमेरे त्याला जवळजवळ सारेच टाकावे लागले, आणि कांचांपैकींहि सुमारें एकशेंवीस निवडून बाकीच्या त्यानें स्वतःच्या हातांनीं फोडल्या, कारण होडींत जागा नव्हती. ११ मार्च २०११ रोजीं जपानच्या किनाऱ्यावर समुद्र चालून आला त्यानंतर तर तेथील स्वयंसेवकांनीं चिखलांतून लक्षावधि घरगुती फोटो वेंचले, परातींत धुतले, दोऱ्यांवर वाळत घातले आणि ज्याचे त्यांना ओळखतां यावेत म्हणून मांडून ठेवले. घरें वाहून गेलेलीं माणसें तेथें येऊन आपल्या मुलांचे चेहरे शोधीत असत.

घाटाखालच्या फोटोवाल्याला इतक्या दूर जाण्याचें कारण नाहीं. त्याची बहीण, मेहुणा किंवा व्याही बहुधा घाटावर, चिखलीस वा बुलढाण्यास असतो. जो पूर पूर्णेच्या खोऱ्यांत शिरतो तो तेथें चढूं शकत नाहीं. लग्नसराई संपतांच सर्व चित्रांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवून ती घट्ट झांकणाच्या डब्यांत, सिलिका जेलच्या चार पुड्यांसह, त्या घाटावरच्या घरीं नेऊन ठेवावी. येतांजातां कोणीहि ती नेऊं शकतो. दुकानांतील खणहि जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर असावा. डब्यांत वधूवरांचीं नांवें, गांव व तिथि लिहिलेली चिठ्ठी घालावी, आणि ती शिसपेन्सिलीनें लिहावी. शाई पाण्यानें जाते, शिसें जात नाहीं.